आमची वाटचाल: पंख्याखालचे शब्द

मिरजेला फोन केला की आई अजून विचारते, "तुम्ही तिथं नक्की करता काय रे?" ऐकतो आणि टाइप करतो, असं सांगितलं की ती म्हणते, "एवढंच?" पंधरा वर्षांवर झाली या 'एवढंच'ला.

2009 साली इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातल्या लीड्समध्ये माझी नोकरी गेली. मंदीच होती, माझ्यासारखे पुष्कळ होते. बायको इथल्या एका हॉस्पिटलात नर्स, म्हणून चूल पेटती राहिली. वरच्या लहान खोलीत टेबल टाकलं, जुना कॉम्प्युटर, बरे हेडफोन आणि ऑडिओ पुढेमागे करायचं पायपेडल घेतलं. शिवणयंत्रावर बसल्यासारखं वाटायचं. वकिलांची डिक्टेशनं, विद्यापीठातल्या मुलाखती, मिनिटामागे काही पेन्स. पहिली तीन-चार वर्षं सांगण्यासारखी नाहीत.

टीव्हीचं काम 2013 मध्ये आलं, तेही दुसऱ्या कुणी नको म्हणून परत केलेलं. एअर अ‍ॅम्ब्युलन्सच्या क्रूबरोबर फिरून केलेली माहितीपट मालिका. कुठली, ते करारामुळे सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये हेलिकॉप्टरनं पेशंट आणणाऱ्या अशा संस्था वीसच्या वर आहेत आणि त्यांच्यावरच्या मालिकाही बऱ्याच. आमच्या यॉर्कशायरचंच घ्या. 2006 मध्ये एल्व्हिंग्टनच्या धावपट्टीवर टीव्हीवरचा रिचर्ड हॅमंड जेट इंजिनाची गाडी ताशी 288 मैलांनी पळवताना उलटला. यॉर्कशायर एअर अ‍ॅम्ब्युलन्सच्या पिवळ्या हेलिकॉप्टरनं त्याला लीड्सच्या हॉस्पिटलात आणलं. त्यानंतर संस्थेकडे देणग्यांचा ओघ लागला. पुढच्याच वर्षी बीबीसीवर 'हेलिकॉप्टर हिरोज' आलं आणि 2016 पासून दुसऱ्या वाहिनीवर 'हेलिकॉप्टर ईआर'.

इथली ही हेलिकॉप्टरं मुख्यतः देणग्यांवर उडतात आणि पेशंटला बिल येत नाही. वाण्याच्या काउंटरवर नाण्यांचा डबा, कोपऱ्यावर जुने कपडे टाकायची पेटी, त्यातून इंधन. गावाकडे हे कुणाला पटत नाही. आपल्याकडे एअर अ‍ॅम्ब्युलन्स म्हटलं की आधी लाखांतला आकडा ऐकायचा. क्रू स्वतःच्या अंगावर कॅमेरे का लावून घेतो, याचं उत्तर माझ्या मते त्या डब्यात आहे. मालिका बघून माणूस डब्यात नाणं टाकतो.

आमचं काम मालिका बनायच्या आधीचं. हेलिकॉप्टरमध्ये जागा आणि वजन दोन्ही मोजून, म्हणून छोटे कॅमेरे केबिनमध्ये बसवलेले आणि पॅरामेडिकच्या, म्हणजे जागेवर उपचार करणाऱ्याच्या, छातीवर अडकवलेले असतात. त्यातून येणारं तासन्तास फुटेज ऐकायचं आणि कोण काय बोललं ते वेळेसकट लिहायचं, म्हणजे एडिटरला हवा तो क्षण सापडतो. एका कानात इंटरकॉमवर तिघंजण, मध्येच कंट्रोल रूमचा रेडिओ, सगळ्यावर पंख्याची घरघर आणि तळाशी पेशंट. त्यातून यॉर्कशायरची बोली. 'नथिंग'ला 'नाउट', 'समथिंग'ला 'समट'. क्वाड बाइक अंगावर पडलेला शेतकरी, पाय भलत्याच दिशेला वळलेला, आणि म्हणतो काय, मी ठीक आहे, आधी मेंढ्यांचं फाटक लावा. असे शेतकरी दर हंगामात दोनतीन भेटतात.

पहिल्या महिन्यात आम्ही कामावर घेतलेल्या मुलीनं एका अपघातात दोन पेशंट लिहिले, एक टिब आणि दुसरा फिब. एडिटर दुसऱ्या माणसाला शोधत बसला. बायको घरी येऊन ते वाचून हसत सुटली. टिबिया आणि फिबुला, गुडघ्याखालची दोन हाडं! त्या रात्री तिनं एका वहीत शब्द लिहून दिले. सॅट्स म्हणजे रक्तातला ऑक्सिजन. जीसीएस म्हणजे शुद्धीचा आकडा, पंधरा सगळ्यात चांगला, तीन सगळ्यात वाईट, शून्य नसतोच. त्या वहीवर आमचा धंदा उभा राहिला. पुढं तिनं अर्धवेळ नोकरी करून उरलेला वेळ कंपनीला दिला.

2015 मध्ये घाण केली. एका पेशंटचं आडनाव आणि गल्लीचं नाव मजकुरात तसंच राहिलं आणि ती फाइल चुकीच्या ईमेलवर गेली. चूक माझी, मीच पाठवली होती. अ‍ॅम्ब्युलन्सच्या आत चित्रण करायचं तर इथल्या प्रसारणाच्या नियमांनुसार वेगळी परवानगी लागते, आणि पेशंटची संमती बहुतेक वेळा तो शुद्धीवर आल्यावर, बरा होत असताना विचारली जाते. त्याआधी त्याचं नाव बाहेर जाणं म्हणजे काय, हे निर्मात्या बाईंनी मला फोनवर न ओरडता सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुढचा हंगाम दुसऱ्याला गेला. तेव्हापासून आमच्याकडे नाव ऐकू आलं तरी 'पेशंट' एवढंच टाइप होतं. पेशंट किंवा त्याचे घरचे नाही म्हणाले तर सगळं पुसायचं. एकदा चार दिवसांचं काम असं पुसलं. त्याचे पैसे मिळाले, पण तो आवाज बरेच दिवस कानात राहिला.

मग आपोआप टाइप करणारी सॉफ्टवेअरं आली. वकील गेले, विद्यापीठ अर्धं गेलं. पण पंख्याखाली मेंढ्यांबद्दल बोलणारा शेतकरी मशीनला अजून नीट समजत नाही. कुणी न घेतलेल्या त्या कामानंच आम्हाला तारलं. 2020 मध्ये क्रूनं मास्क चढवले आणि आम्हालाही डोळे मिटून ऐकावं लागलं.

आता सहाजण आहोत, तीन इथं आणि तीन मिरजेत. कच्चं फुटेज देशाबाहेर न्यायचं नाही असं करारातच आहे, त्यामुळे मिरजेची मुलं फक्त पूर्ण झालेल्या भागांची सबटायटल्स करतात. "दादा, आम्हाला एकदा तरी कच्चं ऐकवा की," म्हणतात. नाही म्हणजे नाही.

पण नव्या माणसाची परीक्षा कशी घ्यायची? जुनी क्लिप वापरता येत नाही. म्हणून आम्ही आमचीच केली. सांगलीहून सामानात आणलेला मिक्सर स्वयंपाकघरात रिकामाच चालू केला, माइक त्याच्या शेजारी ठेवला आणि बायको पॅरामेडिक झाली. टिब अँड फिब, सॅट्स नाइंटी-वन, जीसीएस फोर्टीन. पेशंट मी. खाली फरशीवर आडवा पडून मेंढ्यांची चौकशी करतो.