पावसाळा आणि ओतकामाची वाळू
आज दिवसभर भुरभुर. अशा हवेत बिडाच्या कास्टिंगला ब्लो होल (आत वाफ किंवा वायू अडकून पडलेली भोकं) आले की आधी वाळूकडे बघावं. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, ओल साधारण 3 ते 4 टक्के हवी. उघड्यावरची वाळू आधीच दमट, त्यात मिक्सरवाला सवयीने रोजचंच पाणी ओततो! 1350 अंश सेल्सिअसच्या आसपासचा वितळलेल्या बिडाचा रस साच्यात पडला की त्या पाण्याची वाफ होते. साचा फार घट्ट ठोकलेला असेल तर तिला वाट मिळत नाही, ती धातूतच अडकते. वरून पीस चकाचक, लेथवर पहिला कट घेतला की भोकं.

मूठभर वाळू दाबून मोडून बघा. कडा स्वच्छ तुटल्या तर ठीक, हाताला चिकटली तर ओल जास्त. फार कोरडीही नको, साच्याच्या कडा ढासळतात. आणि व्हेंट (वाफ बाहेर जायला साच्यात पाडायची बारीक छिद्रं) मारायचा कंटाळा तर अजिबात नको.