म्हणींच्या पानाला अक्षरपट्टी : तिसऱ्या आठवड्याची प्रगती

आईच्या वहीतल्या ६४० म्हणी मागच्या महिन्यात टाइप करून झाल्या. सगळ्या एकाच वेबपानावर ठेवल्यात, कारण इंटरनेट नसलं तरी आईला ती एक फाइल फोनमध्ये उघडता यायला हवी. अडचण व्हायची ती शोधताना. ‘पळसाला पाने तीनच’पर्यंत जायला अंगठ्यानं किती वेळ पान सरकवायचं? म्हणून वर अक्षरपट्टी करायला घेतली. अक्षरावर बोट ठेवलं की थेट त्या अक्षराच्या म्हणी समोर यायला हव्यात.

पट्टीचं काम सोपं आहे. प्रत्येक मथळ्याला एक आयडी, म्हणजे ब्राउझरला कळणारं नाव, द्यायचा आणि पट्टीतल्या दुव्यात हॅशचं चिन्ह देऊन पुढं तोच आयडी लिहायचा. जावास्क्रिप्टची, म्हणजे पानात वेगळा प्रोग्रॅम लिहायची, गरजच पडत नाही. एकदा ‘क’चा भाग कॉपी करून ‘ख’चा केला आणि आयडी बदलायचा राहिला, तर पट्टीतला ‘ख’ दाबला तरी काहीच होईना. एका पानात एक आयडी एकदाच, एवढं सांभाळलं की झालं.

ङ, ञ, ण आणि ळ यांनी सुरू होणारी एकही म्हण वहीत नाही. ही अक्षरं पट्टीतून काढावीत असं आधी वाटलं होतं. पण आपण वर्णमाला पाठ म्हणतो ती क्रमानं, आणि डोळाही त्याच क्रमानं अक्षर शोधतो. ‘ढ’नंतर लगेच ‘त’ आला की बोट अडखळतं. म्हणून चारही अक्षरं जागच्या जागी ठेवली, फक्त फिकट रंगात आणि दुव्याविना. ‘ळ’ मुद्दाम ‘ह’नंतर ठेवला. युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या यादीच्या, क्रमानं लावला तर तो ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये जाऊन बसतो, आणि मराठी माणूस तिथं त्याला शोधणार नाही.

पूर्ण शनिवार गेला तो मात्र ‘ऱ’पायी. अक्षरांबरोबर विषयांचेही काही दुवे दिलेत. त्यातला एक ‘वाऱ्या-पावसाच्या म्हणी’. आयडी लहान असावा म्हणून नुसता ‘वाऱ्या’ ठेवला होता. मथळा लॅपटॉपवर टाइप केलेला, पट्टी फोनवर. दुवा दाबला तर पान जागचं हलेना. दोन्ही शब्द मोठे करून शेजारी शेजारी ठेवले, कानामात्रेचाही फरक दिसेना. शेवटी दोन्ही आयडींचे पत्ते ब्राउझरमधून कॉपी करून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चिकटवले. तिथं देवनागरीच्या जागी टक्क्याच्या चिन्हांची रांग आली. एका ‘वाऱ्या’ची लांबी ५४ चिन्हं, दुसऱ्याची ६३!

तिथंच उलगडा झाला. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटला तीन चिन्हं लागतात, म्हणजे नऊचा हिशोब. लॅपटॉपवर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर पडलं होतं. फोनच्या कीबोर्डनं मात्र साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढं न दिसणारं जोडचिन्ह घातलं होतं. डोळ्याला दोन्ही सारखे, ब्राउझरला मात्र वेगळे. तुमच्या पानात ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ असे मथळे असतील तर आधी इथं बघा.

त्यानंतर सगळे आयडी रोमन लिपीत केले. मला हे मनापासून आवडलेलं नाही. एचटीएमएल ५ मध्ये, म्हणजे वेबपान लिहायच्या भाषेत, देवनागरी आयडी पूर्णपणे चालतो, फक्त त्यात मोकळी जागा नको. पण दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की त्या टक्क्यांच्या रांगेतून काही कळत नाही, आणि आईला पाठवलेला दुवा तिला ओळखू यायला हवा. दिसणारा मजकूर अर्थातच देवनागरीत आहे.

पट्टी वर चिकटून राहावी म्हणून ‘पोझिशन स्टिकी’ लावलं, तर मथळे तिच्याखाली झाकले जायला लागले. मथळ्यांना ‘स्क्रोल-मार्जिन-टॉप’ ही वरची मोकळी जागा ४ रेम दिल्यावर ते नीट दिसतात. रेम हे अक्षराच्या आकाराबरोबर बदलणारं माप. माप पिक्सेलमध्ये दिलं नाही, कारण आई अक्षर मोठं करून वाचते. तसंच पट्टीच्या दोन ओळी होऊ दिल्या नाहीत. एकच ओळ, आडवी सरकणारी.

सावकाश सरकण्याचा परिणामही लावून पाहिला. ‘अ’वरून ‘ह’वर जाताना सगळ्या म्हणी डोळ्यांसमोरून धावत गेल्या. आई म्हणाली, “अगं, गरगरतंय मला.” लगेच काढला. त्याऐवजी सीएसएस या पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेतला ‘टार्गेट’ हा निवडक (सिलेक्टर) वापरून पोहोचलेल्या मथळ्याला हळदी रंगाची पार्श्वभूमी दिली. आपण नेमके कुठं आलो ते त्यानं एका नजरेत कळतं.

काल आईनं पहिल्यांदा एकटीनं पावसाचा दुवा दाबला. ‘पडतील स्वाती, पिकतील मोती’ वाचून तिला ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा’ आठवली. ही वहीत नव्हतीच. ६४१वी म्हण आज रात्री घालते.