वेलफायर, नोंद सातवी : डावे दार अखेर पूर्ण उघडले

सहाव्या नोंदीच्या शेवटी मी मोठ्या खात्रीने लिहिले होते की, माझ्या टोयोटा वेलफायर गाडीच्या डाव्या सरकत्या दाराची मोटर आणि केबल यांचा संपूर्ण जोड बदलण्यावाचून आता गत्यंतर नाही. ते विधान मी मागे घेत आहे. मोटर निर्दोष होती, केबल निर्दोष होती, आणि ज्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर मी चौथ्या नोंदीत दोन परिच्छेद भरून संशय घेतला होता, तीही निर्दोषच होती. दोष होता तो बोटभर लांबीच्या एका खटक्यात, आणि त्याचा माग मला स्कॅनरने नव्हे, तर आईच्या दुधाच्या खाड्यांच्या कॅलेंडरने लावून दिला.

ज्यांनी मधल्या नोंदी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी तक्रार पुन्हा एकदा सांगतो. दार उघडण्याची कळ दाबली की डावे दार हातभर सरकायचे, तेथे अडखळायचे, दोनदा ‘टीं-टीं’ करायचे आणि काही चिमटीत सापडल्याच्या समजुतीने परत फिरायचे. असे रोज होत नसे. पाच-पाच दिवस दार इतक्या सुरळीत सरकायचे की आपणच उगाच बोभाटा केला असे वाटावे, आणि नेमके आईला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचे असेल त्या सकाळी ते रुसून बसायचे. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डावीकडून चालत असल्याने पदपथाच्या बाजूला उघडते ते हेच दार, आणि ही गाडी घेण्याचे मूळ कारण आईचे गुडघे हेच असल्याने ही तक्रार किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नव्हती. उजवीकडच्या दाराने चढायचे म्हणजे ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याच्या वाहत्या रहदारीत पाऊल टाकायचे, आणि तेही पंच्याहत्तराव्या वर्षी.

गेल्या तीन महिन्यांत मी काय काय केले, याचा हिशेब थोडा लाजिरवाणा आहे. प्रथम बॅटरी तपासली. पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या हायब्रिड गाडीत इंजिन सुरू करण्याचे काम मोठी बॅटरी करते, त्यामुळे लहान बॅटरी दुबळी झाल्याचे लवकर लक्षात येत नाही आणि दारे, पडदे, आसने यांचेच चाळे आधी सुरू होतात, असा माझा तर्क होता. तर्क चुकीचा नव्हता, पण मल्टिमीटरने सलग आठ दिवस १२.५ व्होल्टच्या आसपास आकडा दाखवून त्याला निकालात काढले. मग दाराच्या पुढच्या कडेला असलेल्या रबरी पट्टीवर, म्हणजे मध्ये हात आला तर दार थांबवणाऱ्या स्पर्श-संवेदकावर संशय घेतला. पण ती पट्टी दार बंद होताना कामाला येते. आमचे दार उघडताना अडत होते. हा साधा भेद माझ्या ध्यानात यायला एक अख्खा रविवार गेला. त्यानंतर ठाण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. तेथे पंधरा मिनिटांत निदान झाले, ते असे : “साहेब, पूर्ण असेंब्लीच बदलावी लागेल, भाग जपानवरून येईल, पाच-सहा आठवडे धरा.” त्या दिवशी दार अगदी शहाण्यासारखे उघडत-मिटत होते, म्हणजे दोष प्रत्यक्ष न पाहताच हे निदान झाले होते. तरीही मी त्यावर विश्वास ठेवून जपानहून जुने सुटे भाग आणणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे मोटरची आगाऊ रक्कम भरून मोकळा झालो.

येथे स्कॅनरविषयी थोडे. दोन-अडीच हजारांना मिळणारे गाडीच्या संगणकाला जोडायचे ओबीडी स्कॅनर इंजिनाच्या दोषांचे कोड वाचतात आणि दाराच्या बाबतीत मख्ख राहतात. दारांचे, आसनांचे मॉड्यूल पाहायचे तर टोयोटाचे टेकस्ट्रीम हे निदानाचे सॉफ्टवेअर किंवा त्या तोडीचे साधन हवे. मी तेही एका मित्राकडून उसने आणले. दाराचा एकही कोड नोंदलेला नव्हता. तेव्हाच मला कळायला हवे होते की संगणकाच्या लेखी कोणताच भाग बिघडलेला नाही, त्याला फक्त अडथळा जाणवतो आहे, आणि अडथळा जाणवल्यावर परत फिरणे हे दाराचे कर्तव्यच आहे. पण कोड सापडला नाही की साधनालाच दोष द्यायचा, ही आपल्या सर्वांची खोड मलाही आहेच.

आता कॅलेंडरकडे वळतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आई दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आणि पाणी न आल्याचे दिवस लिहिते. गेल्या आठ आठवड्यांत तिने त्यातच ‘दार’ असा शब्द नऊ चौकोनांत लिहून ठेवला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. एका संध्याकाळी तिने सहज म्हटले, “अरे, तू पेट्रोल भरून आलास की हे दार हट्टाला पेटतं, असं मला वाटतं.” मी हसलो. मग जेवण झाल्यावर मुकाट्याने मोबाइलमधली पेट्रोलची नोंद काढून कॅलेंडरशेजारी धरली. बेलापूरला रोजचे जाणे-येणे असल्याने आणि टाकी काठोकाठ न भरता दोन-दोन हजारांचे पेट्रोल घालण्याची सवय असल्याने त्या आठ आठवड्यांत मी बारा वेळा पेट्रोल घेतले होते. त्यांपैकी आठ वेळा ते कासारवडवलीला, घराजवळच्या पंपावर घेतले होते, आणि त्यांतल्या सात वेळी त्याच दिवशी दार अडले होते. आठव्या वेळी ते दार कोणी उघडलेच नव्हते. एका खेपेला रुसवा दुसऱ्या दिवशीही टिकला होता, म्हणून चौकोन एकाने वाढला.

मग उरलेल्या चार वेळा दार का अडले नाही? त्या चारही वेळी पेट्रोल ऐरोलीला घेतले होते आणि तेथून घरी येताना मेट्रोच्या कामामुळे उखडलेल्या घोडबंदरच्या सेवा रस्त्याने गाडी हादरत आली होती. याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी लागला, आणि तो लागल्यावर मी पार्किंगमध्ये एकटाच मोठ्याने हसलो. घोडबंदरचे खड्डे माझ्या गाडीची दुरुस्ती करत होते!

वेलफायरचे पेट्रोलचे झाकण डाव्या बाजूला, सरकते दार मागे येते त्याच वाटेवर आहे. झाकण उघडे असताना दार पूर्ण मागे आले तर ते झाकणावर आणि पंपाच्या नळीवर आदळेल. असे होऊ नये म्हणून झाकणाशी जोडलेला एक खटका असतो. झाकण उघडले की तो दाराच्या मार्गात पुढे येतो आणि झाकण मिटले की स्प्रिंगच्या जोराने मागे सरकतो. माझ्या गाडीत तो पुढे यायचा, पण मागे जायला कुरकुरायचा. पुढे राहिलेल्या खटक्यावर दार टेकले की मोटरला अडथळा जाणवायचा आणि दार परतायचे. चांगले दणकून दोन-चार खड्डे बसले की खटका आपोआप जागेवर जायचा.

नववा चौकोन मात्र या हिशेबात बसत नव्हता, कारण त्या दिवशी पेट्रोल भरलेलेच नव्हते. गाडी धुणाऱ्या मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “दादा, त्या दिवशी आतून व्हॅक्यूम करायला चावी दिली होतीत ना, तेव्हा झाकण उघडून आतलं पण पुसलं होतं.” मला त्याला बक्षीस द्यावेसे वाटले, आणि मी ते दिलेही.

रविवारी सकाळी काम हाती घेतले. मोटरचा वीजपुरवठा मुख्य बटणाने बंद करून, झाकण उघडून, दार हाताने मागे ओढले. ते नेमके त्याच जागी ठक्कन थांबले. ही चाचणी पहिल्याच आठवड्यात केली असती तर पुढचे अडीच महिने वाचले असते. वास्तविक मी दार हाताने सरकवून पाहिले होते, पण ते नेहमी दोष नसलेल्या दिवशी. आतले अस्तर काढताना दोन क्लिपा तुटल्या. त्याबद्दल अस्तर उचकटण्याच्या स्वस्तातल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचा संच जबाबदार आहे, कारण त्यांची धार आधी वाकते आणि मग क्लिपेचे डोके घेऊन जाते. ज्यांना अशा गाडीचे अस्तर उघडायचे आहे त्यांनी काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची हत्यारे घ्यावीत आणि तिप्पट पैसे मोजल्याचे दुःख करू नये.

आत जे दिसले ते असे : खटका, त्याची खोबण आणि स्प्रिंगचे टोक यांवर पांढरट ग्रीसचा जाड थर होता आणि त्यात घोडबंदरची सिमेंट-मिश्रित धूळ इतकी बसली होती की तो थर खरवडल्यावर नखाखाली ओल्या पुट्टीसारखा लागत होता. आधीच्या मालकांच्या काळात कोणीतरी हौसेने सर्व रुळांना ग्रीस फासले असणार. ग्रीस वाईट नसते, पण आपल्या धुळीत उघड्या जागी लावलेले ग्रीस म्हणजे कालांतराने सॅंडपेपरच होय. आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश आणि कानकोरणीचा कापूस एवढ्यावर पाऊण तास घालवल्यावर खटका बोटाने दाबताच ‘टिक’ असा कोरडा आवाज करून परत येऊ लागला. तो आवाज मी पंधरा-वीस वेळा ऐकला, त्याची गरज नव्हती हे मान्य आहे. नंतर पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, कोरडा स्प्रे मारला. खालच्या रुळातून चमचाभर वाळू आणि लाह्यांचा एक दाणा निघाला.

त्याला आता तीन आठवडे झाले. पाच वेळा पेट्रोल भरले, पाचही वेळा घराजवळ, मुद्दाम. दार प्रत्येक वेळी पूर्ण उघडले.

गाडी विकत घेण्याविषयी वाचकांचे जे प्रश्न आले आहेत त्यांची उत्तरे थोडक्यात देतो. जपानच्या लिलावातून जुनी अल्फार्ड, म्हणजे वेलफायरचीच जुळी बहीण, का आणली नाही, असे अनेकांनी विचारले. जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, ती मुंबई बंदरातूनच आणावी लागते आणि सीमाशुल्क भरल्यावर स्वस्ताईचे सारे गणित कोलमडते. भारतात फेब्रुवारी २०२० मध्ये वेलफायर ७९ लाख ५० हजारांना, तयार आयात होऊन आली, आणि ऑगस्ट २०२३ मधल्या नव्या पिढीची किंमत १ कोटी १९ लाख ९० हजारांपासून सुरू झाली. त्यामुळे जुन्या पिढीच्या वापरलेल्या गाड्यांचे भाव उतरण्याऐवजी टिकून राहिले. मी २०२१ च्या अखेरची, नवी मुंबईची एमएच ४३ क्रमांकाची गाडी हट्टाने शोधली, कारण १ ऑगस्ट २०२१ पासून विकलेल्या हायब्रिड गाड्यांच्या बॅटरीची हमी तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरवरून आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर करण्यात आली. ज्यांना अशी गाडी घ्यायची असेल त्यांनी रंग नंतर पाहावा, विक्रीची तारीख आधी पाहावी.

पार्किंगचा प्रश्न पाचव्या नोंदीत सुटला होता तसाच सुटलेला आहे. १,८९५ मिलीमीटर उंचीची गाडी आमच्या यांत्रिक पार्किंगच्या १,५५० च्या खणात जाणार नव्हतीच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांशी केलेली जागेची अदलाबदल अजून तरी टिकून आहे, आणि दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे आधी पोहोचतो. इंधनाचे म्हणाल तर प्रमाणपत्रावर लिटरमागे १६.३५ किलोमीटर आहेत आणि माझ्या वहीत कोंडीच्या आठवड्यात १०.८ आहेत. अटल सेतूवरून शांतपणे गेल्यास १४ च्या वर जाते, पण तेथे शांतपणे जाणारा मी एकटाच असतो.

आता आगाऊ रकमेचा प्रश्न. व्यापारी पैसे परत देणार नाही हे त्याने गोड शब्दांत सांगितले आहे. मोटर आणून माळ्यावर ठेवावी असा माझा विचार होता, पण हे लिहीत असतानाच वाटू लागले आहे की, त्याच रकमेत दोन्ही दारांचे मधल्या रुळाचे रोलर मागवावेत. उजव्या दाराचा रोलर उघडताना हलकासा गुरगुरतो, आणि ते मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

खटका अडकला तर डॅशबोर्डवर दिवा लागावा, यासाठी रीड स्विच, म्हणजे चुंबकाने चालणारा छोटा स्विच, आणि बारीक एलईडी बसवण्याची आकृतीही मी काढली होती. बायकोने ती पाहिली, आत गेली आणि केशरी रंगाची नेलपॉलिशची बाटली आणून माझ्या हातात दिली. खटक्याच्या टोकावर आता एक केशरी ठिपका आहे. दार थोडे उघडून वाकून पाहिले की, ठिपका दिसला तर खटका बाहेर, न दिसला तर आत. रीड स्विचचे पाकीट मी परत ड्रॉवरमध्ये टाकले आहे.

शनिवारी दोन क्लिपांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, जाणार आहे. तेथे इनोव्हाच्या क्लिपा वेलफायरला म्हणून देण्याचा प्रयत्न होईल, म्हणून तुटलेल्या क्लिपेचे दोन्ही तुकडे आणि व्हर्नियर कॅलिपर खिशात घेऊन जाईन. उजव्या दाराचे अस्तर नव्या क्लिपा हाती आल्यावरच उघडेन.