तुम्ही विचारलंत म्हणून: फिलिपाइन्सचं आकाश आपल्याकडूनच गेलं का?

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात मृगातले ते सरळ रेषेतले तीन तारे दाखवताना मी फिलिपाइन्समधल्या बालातिकची, म्हणजे आकाशातल्या सापळ्याची, गोष्ट सांगते. गोष्ट संपली की कुणीतरी हमखास विचारतं, "पण हे सगळं आपल्याकडूनच तिकडे गेलं असणार ना?" हा प्रश्न पडणं साहजिक आहे. जावा, बाली, अंगकोर यांच्याबद्दल आपण शाळेपासून ऐकत आलोय, मग त्यांच्याच शेजारचा फिलिपाइन्स कसा सुटेल? रात्री दुर्बिणीपाशी रांग लागलेली असताना याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

जे खरोखर आपल्याकडून गेलं ते आधी सांगते, कारण ते थक्क करणारं आहे. लुझॉन बेटावर मनिलाच्या आग्नेयेला लगूना नावाचा प्रांत आहे. तिथे 1989 मध्ये नदीपात्रात काम करणाऱ्या एका माणसाला तांब्याचा एक पातळ पत्रा सापडला. अंतोन पोस्त्मा या डच अभ्यासकाने तो वाचला. लिपी जावामधली कावी आणि भाषा मुख्यतः जुनी मलय, मधूनमधून संस्कृत. मजकूर एका माणसाचं सोन्याचं कर्ज फिटल्याचा आहे. सुरुवातीला तारीख दिली आहे: शक 822, वैशाख, कृष्ण पक्षातली चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन 900 मधला 21 एप्रिल. आपल्या घरच्या पंचांगात जसं लिहितात अगदी तसंच, आणि त्यात 'ज्योतिष' हा शब्दसुद्धा आहे! अकराशे वर्षांपूर्वी मनिलाच्या आसपास कुणीतरी तिथी मोजत होतं, पक्ष ओळखत होतं.

शब्दही पोचले. मनिलाच्या आसपासच्या तगालोग भाषेत ग्रहणाला 'लाहो' म्हणत, तो आपला राहू. ठळक ताऱ्याला 'ताला' म्हणतात, ती आपली तारा. अगदी दक्षिणेला सुलु समुद्रातले सामा लोक ध्रुवताऱ्याला 'मामाही उत्तारा' म्हणतात. त्यातली उत्तर दिशा कुठून आली ते सांगायला नको. तेव्हा 'आपल्याकडून काही गेलं का' असं कुणी विचारलं, तर मी बिनदिक्कत हो म्हणेन. पण विचारणारे 'सगळं' म्हणतात, आणि माझी हरकत त्या एका शब्दाला आहे.

शक आणि तिथी ही व्यापाऱ्यांची, दरबाराची, कागदपत्रांची गरज होती. डोंगरात भात पिकवणाऱ्याला आणि रात्री होडी हाकणाऱ्याला या कालगणनेचा फारसा उपयोग नव्हता. त्यांचं आकाश वेगळं होतं. ते त्यांनी स्वतः रचलं, आणि रोज हाताळायच्या वस्तूंमधून रचलं.

बालातिक घ्या. रानडुकरासाठी लावायचा हा सापळा. एक लवचीक काठी ताण देऊन मागे ओढायची, अडकवून ठेवायची, आणि डुकराच्या वाटेवर आडवी दोरी बांधायची. दोरीला धक्का लागला की काठी सुटते आणि टोकदार बांबूचा भाला जनावराच्या कुशीत घुसतो. मृगातले तीन तारे म्हणजे हा सापळा. हे नाव एकाच जमातीचं नाही. दक्षिणेच्या मिंडानाओ बेटावरच्या बागोबो आणि मानोबो लोकांपासून उत्तरेतल्या तगालोग लोकांपर्यंत ते पसरलेलं आहे, आणि स्पॅनिश धर्मगुरूंनी केलेल्या जुन्या शब्दकोशांतही त्याची नोंद आहे.

या तीन ताऱ्यांना सापळाच का म्हणावं, हे तिथल्या अक्षांशावर उभं राहून पाहिलं की जास्त पटतं. मिंडानाओ विषुववृत्तापासून सात-आठ अंशांवर आहे आणि हे तारे जवळजवळ विषुववृत्ताच्या वरच. त्यामुळे ते बरोबर पूर्वेला, एकावर एक असे, जवळजवळ उभ्या रेषेत उगवतात आणि डोक्यावरून जाऊन बरोबर पश्चिमेला मावळतात. उगवताना ती रेषा जमिनीत रोवल्यासारखी दिसते.

या सापळ्याभोवती शिकारीचा बाकीचा पसाराही आहे. नैऋत्य मिंडानाओतल्या तेदुराय लोकांच्या आकाशात रोहिणीचा तो व्ही आकार म्हणजे 'बाका', डुकराचा जबडा. शेजारच्या कृत्तिका म्हणजे 'कुफुकुफु', त्या जबड्यावर घोंगावणाऱ्या माश्या. आपल्याकडे तोच रोहिणीचा आकार शकट आहे, गाडा. तीन ताऱ्यांना आपण बाण म्हणतो, मृगाच्या अंगात रुतलेला, आणि तो सोडणारा व्याध मागे चमकतो. शिकार इथेही आहे, तिथेही आहे. पण आपल्या शिकारीत हरिण, बाण आणि नेम धरणारा शिकारी आहे, तर त्यांच्या शिकारीत सापळा, जबडा आणि माश्या. माश्यांपर्यंतचा तपशील कुणाकडून उसना आलेला नाही. डुक्कर मारून, कापून, हाडं बाहेर टाकल्यावर काय होतं ते पाहिलेल्या माणसालाच तो सुचणार.

आणि हे नुसतं चित्र नव्हतं. फे-कूपर कोल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने 1913 मध्ये दावाओ भागातल्या लोकांबद्दल लिहिताना नोंदवलं आहे की डिसेंबरच्या सुमारास बालातिक दिसू लागला की बागोबो पुरुष शेतासाठी रान तोडायला लागतात. शेती डोंगरउतारावरची. रान तोडायचं, वाळू द्यायचं, जाळायचं आणि राखेत भात टोचायचा. कोकणात आणि घाटावर असल्या शेतीला कुमरी म्हणत. हिच्यात सगळा खेळ वेळेचा असतो. तोडायला उशीर झाला तर लाकूड ओलं राहतं आणि नीट जळत नाही. फार लवकर जाळलं तर पेरणीच्या आत तण उगवून येतं.

हे ताऱ्यांवर का सोपवलं असेल, याबद्दल माझं एक मत आहे. आपल्याकडे उन्हाळा आणि पावसाळा यांच्यामधली रेघ आंधळ्यालाही कळेल इतकी ठळक असते. दक्षिण मिंडानाओच्या बऱ्याच भागात पाऊस वर्षभर थोड्याफार फरकाने पडतच असतो. ढग, वारा, झाडांची पानगळ यांवर तिथे फार विसंबता येत नाही. तारे मात्र पाऊस थांबेल त्या संध्याकाळी आपल्या ठरल्या जागी असतात. आपला शेतकरी 'मृग लागला' म्हणतो तेव्हा सूर्य मृगात असतो, म्हणजे ते तारे त्या दिवसांत दिसतच नाहीत. ते कळतं पंचांगातून, सोबत नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की गाढव हेही कळतं. बागोबो शेतकऱ्याला मात्र अंगणात उभं राहून मान वर करावी लागायची. एकाच तारकासमूहावर दोन देशांतले शेतकरी आपली कामं ठरवतात, पण वर्षाच्या दोन टोकांना आणि दोन निरनिराळ्या रीतींनी. म्हणूनच 'आपल्याकडून गेलं' हे मला पटत नाही.

मिंडानाओतल्याच बुकिद्नोन लोकांची एक कथा 1916 मध्ये छापलेल्या संग्रहात आली आहे. मागबांगाल हा शिकारी. पेरणीचे दिवस जवळ आले तसा तो टेकडीवर रान साफ करायला जातो आणि बायकोला घरीच थांबायला सांगतो. तिथे त्याच्या कोयत्या-कुऱ्हाडी आपणहून कामाला लागतात. इतका आवाज कसला म्हणून बायको न राहवून बघायला येते, आणि त्या गडबडीत त्याचा हात तुटतो. मागबांगाल मग आकाशात जायचं ठरवतो आणि तारे होऊन राहतो. दर वर्षी ते तारे दिसले की लोकांनी पेरणीला लागायचं. मला या कथेत आवडतं ते हे की आकाशात गेलेला माणूस राजा नाही, ऋषी नाही, शापित अप्सराही नाही. शेतात काम करताना जायबंदी झालेला माणूस आहे तो, आणि वर जाऊनही तो गावाला कामाचीच आठवण करून देतो.

समुद्रावर गेलं की आकाश पूर्ण बदलतं. तावी-तावी हा फिलिपाइन्सचा अगदी दक्षिणेचा प्रांत, आणि त्याच्या टोकाला सितांगकाई. तिथे पाण्यात खांब रोवून बांधलेली घरं आहेत, गल्ल्यांऐवजी खाड्या आहेत आणि सामा लोकांच्या होड्या आहेत. अक्षांश पाचाच्याही आत, म्हणजे मामाही उत्तारा क्षितिजावर जेमतेम पाच अंश. किंचित धुकं असलं तरी तो गायब. उत्तर सांगायला असा तारा फार भरवशाचा नाही. दक्षिणेचं आकाश मात्र तिथे उघडंच असतं. आपण ज्याला त्रिशंकू म्हणतो तो पुण्याहून जेमतेम अकरा-बारा अंश वर येतो, सितांगकाईहून पंचवीस.

या त्रिशंकूला सामा लोक 'बुंता' म्हणतात. बुंता म्हणजे केंड मासा, तोच तो, डिवचलं की फुगून गोल होणारा. मालवणच्या लोकांना तो दाखवायला नको, जाळी फाडतो म्हणून ते त्याच्या नावाने बोटं मोडत असतात. शेजारचे मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे म्हणजे 'अनाकदातू', सरदाराचा मुलगा, जो त्या केंडावर नेम धरून उभा आहे. आपल्या त्रिशंकूच्या कथेत स्वर्ग, विश्वामित्राचं तप, इंद्राचा नकार असं केवढं नाट्य आहे. सामांच्या त्याच ताऱ्यांत एक पोरगा मासा मारतोय.

ग्रहणाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडचं मिसळलेलं दिसतं. मध्य फिलिपाइन्समधल्या बिसाया लोकांचा बाकुनावा हा समुद्रातला प्रचंड सर्प चंद्र गिळतो, आणि लोक भांडी, ढोल बडवून त्याला चंद्र सोडायला लावतात. हाच बाकुनावा वर्षभरात चारी दिशांना तोंड फिरवतो, म्हणून घर बांधताना त्याच्या जबड्याकडे दार येऊ नये अशी काळजी घेत. पायाभरणीच्या वेळी शेषाचं तोंड कुठे आहे ते बघणाऱ्या आपल्या गवंड्याला हे ओळखीचं वाटेल. पण बागोबो लोकांकडे चंद्र गिळणारा सर्प नाही, मिनोकावा नावाचा महाकाय पक्षी आहे. तिथे राहू पोचलेलाच नाही.

हे सगळं एकत्र आणून त्याचा अभ्यास उभा केला तो दान्ते आंब्रोसियो या इतिहासकाराने. फिलिपाइन्स विद्यापीठात ते शिकवत. जुने कोश आणि मिशनऱ्यांची वर्णनं त्यांनी चाळलीच, पण ते तावी-तावीपर्यंत जाऊन होड्यांवरच्या माणसांशीही बोलले. त्यांचं पुस्तक 2010 मध्ये आलं आणि त्याचं नाव 'बालातिक' असं आहे. ते त्यांनी फिलिपिनो भाषेत लिहिलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर जगभर वाचलं गेलं असतं, हे त्यांना ठाऊक नसेल असं नाही. पण ज्यांच्या आजोबांचं हे आकाश होतं त्यांच्या हातात ते आधी पडावं, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. पुढच्याच वर्षी ते गेले.

ही धडपड त्यांनी का केली ते समजतं. रान उरलं नाही तर रान तोडायचा हंगाम सांगणारे तारे कुणी बघायचे? डुकराचा सापळा ज्याने कधी पाहिला नाही त्याला तीन ताऱ्यांत तो दिसणार तरी कसा? होड्यांना इंजिनं आली, हातात मोबाईल आले, आणि शाळेच्या पुस्तकात याच ताऱ्यांचा ओरायन आहे, ग्रीकांचा. कमरपट्टा बांधलेला तो शिकारी मनिलातल्या मुलाला ठाऊक असतो, तसाच तो पुण्यातल्या मुलालाही ठाऊक असतो, आणि एकाला बालातिक, दुसऱ्याला व्याध-मृग विचारलं की दोघंही गप्प. म्हणूनच 'आपल्याकडून गेलं ना' या प्रश्नाने मी जरा अस्वस्थ होते. आधी स्पेनने त्यांच्या देवांना सैतान ठरवलं, मग अमेरिकी शाळांनी त्यांना ग्रीक आकाश शिकवलं. आता उरलेलं आम्ही आमच्या खात्यावर मांडायचं, हे मला बरोबर वाटत नाही.

अलीकडे काही बरंही घडलंय. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने 2019 मध्ये प्रत्येक देशाला एक दूरचा तारा आणि त्याचा ग्रह यांचं बारसं करायला दिलं. फिलिपाइन्सने ताऱ्याला आमानसिनाया आणि ग्रहाला हाईक ही नावं दिली. दोन्ही जुन्या तगालोग समुद्रदेवता.

हे पुढचंही बरेच जण विचारतात, म्हणून सांगते. हे आकाश महाराष्ट्रातून दिसतं. डिसेंबरच्या मध्यावर रात्री आठच्या सुमारास पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. क्षितिजापासून थोडे वर, जवळजवळ उभ्या रेषेत तीन तारे दिसतील, तो बालातिक. तिथून नजर वर नेली की तांबूस रोहिणी आणि तिचा व्ही, तो जबडा. त्याच्याही वर कृत्तिकांचा पुंजका, त्या माश्या. बुंता बघायचा असेल तर मेच्या मध्यावर रात्री नऊला, जिथे दक्षिणेचं क्षितिज मोकळं आहे अशा जागी जा. सिंधुदुर्गातला किनारा पुण्यापेक्षा बरा, तिथे तो दोन-तीन अंश जास्त वर येतो. आधी डावीकडचे मित्र आणि मित्रक शोधा. ते सापडले की भाला कुठे रोखलाय ते बघा, केंड तिथेच असतो.