जुन्या टाकीतली खडी

घरोघरी जाऊन माशांच्या टाक्या बसवून देण्याचे काम मी गेली 11 वर्षे मुंबईत करीत आहे. तरी गिरगावातल्या चाळीतला जूनमधला तो सोमवार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आदल्या संध्याकाळी एका निवृत्त शिक्षिका आजींच्या 60 लिटरच्या टाकीत मी 25 चेरी कोळंब्या आणि 5 नेराइट गोगलगायी सोडल्या होत्या. सकाळी सातलाच त्यांचा फोन आला, "अहो, गोगलगायी पाण्याबाहेर चढून बसल्यात आणि कोळंब्या आडव्या पडल्यात. माझं काही चुकलं का हो?"

मी पोहोचेपर्यंत निम्म्याहून अधिक कोळंब्या गेल्या होत्या. एक काचेलगत कुशीवर पडली होती. पोटाखालचे वल्ह्यांसारखे पाय थरथरत होते, पण अंग सावरत नव्हते. एका गोगलगायीने शंखाचे झाकण घट्ट मिटून घेतले होते. जिवंत होते तेवढे जीव मी क्लोरीन उडवलेल्या पाण्याच्या बादलीत हलवले आणि तपासणीला बसलो. टाकी महिनाभर मुरवलेली, म्हणजे घाण पचवणारे जीवाणू वाढू दिलेली होती. घाणीतून होणारी विषे, अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही शून्य, तापमान 27 अंश. जीव सोडतानाही त्यांना नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून दोन तास थेंबथेंब पाणी मिसळले होते.

मग आजींच्या बोलण्यातून कळले, की टाकीतली खडी त्यांच्या जुन्या टाकीची, धुऊन, उन्हात वाळवून जपून ठेवलेली होती. तेव्हाच्या गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके आले असता घातलेल्या औषधाची बाटली अजून कपाटात होती आणि तिच्यावर कॉपर सल्फेट, म्हणजे आपले मोरचूद, असे लिहिले होते. तांब्याची चाचणी नळाच्या पाण्यात कोरी आली, टाकीच्या पाण्यात मात्र रंग चढला. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य तांब्याचेच असते, तरी माशाला झेपणारी तांब्याची मात्रा तिचा जीव घेऊ शकते. खडी, विशेषतः चुनखडीची, तांबे धरून ठेवते आणि मागाहून हळूहळू सोडते. हे मला ठाऊक होते. खडी कुठली, हे विचारणे माझे काम होते आणि मी ते केले नाही. आजींना मी तसे स्पष्ट सांगितले.

वाचलेल्या 9 कोळंब्या आणि 4 गोगलगायी मी घरी आणल्या. आजींकडे नवी टाकी, नवी खडी, नवा स्पंज फिल्टर आणि जावा मॉस ही पाणवनस्पती अशी पुन्हा सुरुवात केली. भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी मृदू असल्यामुळे शंखाला आणि कोळंबीच्या कात टाकण्याला लागणारे कॅल्शियम त्यात कमी पडते, म्हणून फिल्टरजवळ शिंपल्यांचे तुकडे ठेवले. जीवाणू वाढावेत म्हणून सहा आठवडे आजी रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकत आणि चाचणीचे आकडे वहीत लिहीत. मगच कोळंब्या आणि गोगलगायी त्यांच्याकडे परतल्या.

दिवाळीत फराळाला गेलो, तेव्हा ताटाआधी त्यांनी माझ्या हाती भिंग दिले. मॉसवर बसलेल्या एका कोळंबीच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस होता आणि ती पाय हलवून त्यांच्यावरून संथपणे पाणी खेळवत होती.