आधी कादंबरी, मग सैन्य: सोलापुरातली वॉरहॅमर वाचननोंद

वॉरहॅमर ४०,००० हा मिनी, म्हणजे छोटे पुतळे, रंगवून टेबलावर खेळायचा युद्धखेळ; त्याच्या विश्वावर ढीगभर कादंबऱ्या आहेत. त्या वाचण्याचा पहिला टप्पा संपला. आयझेनहॉर्नची त्रयी वाचून पूर्ण, गॉन्ट्स घोस्ट्सच्या पहिल्या तीन कादंबऱ्या पूर्ण, होरस हेरसीची सुरुवातीची तीन पूर्ण, नाइट लॉर्ड्स अर्ध्यावर. रंगाच्या टेबलावर सहापैकी चार घोस्ट मिनी तयार आहेत. वॉरहॅमर ४०,००० मध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी वाचनाचा क्रम आणि त्याला जोडून केलेलं रंगकाम इथे नोंदवतोय.

सगळ्यात आधी क्रमाचं, कारण चूक तिथेच होते. नवा वाचक म्हणतो, गोष्ट जिथून सुरू होते तिथून वाचू, आणि होरस हेरसी उचलतो. काळाच्या हिशेबाने ते बरोबर आहे, कारण ती कथा मूळ विश्वाच्या दहा हजार वर्षं आधीची. पण खेळ आला १९८७ मध्ये आणि ही मालिका सुरू झाली २००६ मध्ये. मधली जवळपास वीस वर्षं होरसचा, म्हणजे सम्राटाच्या लाडक्या मुलाचा, द्रोह ही खेळाडूंना माहीत असलेली दंतकथा होती, आणि लेखकांनी तेच गृहीत धरून लिहिलंय. पानिपताचा शेवट ठाऊक असतो म्हणूनच विश्वासरावाचं मोहिमेवर निघणं वाचताना गलबलून येतं. शेवट माहीत नसलेल्या माणसाला ते निघणं म्हणजे नुसता प्रवास. होरसचंही तसंच. शिवाय मुख्य मालिकेत ५४ पुस्तकं, आणि त्यापुढे सीज ऑफ टेरा ही वेगळी मालिका, तिचा शेवटचा भागच तीन खंडांचा. पहिल्याच महिन्यात हा डोंगर समोर ठेवला की वाचक परत फिरतो.

म्हणून सुरुवात डॅन ॲबनेटच्या 'झीनॉस'पासून (२००१) करा. इन्क्विझिटर (साम्राज्याचा पाखंडशोधक अधिकारी) ग्रेगॉर आयझेनहॉर्न स्वतः गोष्ट सांगतो, त्यामुळे हे अवाढव्य साम्राज्य एका माणसाच्या नजरेच्या उंचीवरून दिसतं: गल्ल्या, दफ्तरं, जहाजांची भाडी, खबरे. स्पेस मरीन (साम्राज्याचे अतिमानवी योद्धे) अगदी थोडा वेळ दिसतात, आणि दिसतात तेव्हा साध्या माणसाला त्यांची जी धास्ती वाटेल ती आपल्यालाही वाटते. त्यानंतर 'मॅलियस' आणि 'हेरेटिकस'. तिन्ही सलग वाचा, मध्ये दुसरं काही घेऊ नका. हा माणूस एकेक पायरी कशी उतरतो ते सलग वाचलं तरच कळतं.

'झीनॉस'च्या पहिल्या तीस-चाळीस पानांत बहुतेक जण शब्दांना अडखळतात. त्यावर उपाय असा. हाय गॉथिक म्हणजे या विश्वातली संस्कृत: पोथी, पदव्या आणि विधींची भाषा, लॅटिनच्या वळणाची. लो गॉथिक ही रोजची बोली. त्यामुळे 'ऑर्डो', 'ॲडेप्टस' असं काही आलं की ते संस्थेचं नाव समजून पुढे जायचं. घरगुती शब्द मात्र एका कागदावर लिहून पुस्तकात ठेवा: रिकॅफ म्हणजे कॉफी, लो-स्टिक म्हणजे सिगारेट, अमासेक म्हणजे दारू, व्हॉक्स म्हणजे बिनतारी संपर्क, ऑस्पेक्स म्हणजे शोधयंत्र, सर्व्हिटर म्हणजे मेंदू पुसून यंत्राला जोडलेला माणूस. वीसेक शब्द झाले की कागद लागत नाही. सन लिहायची पद्धतही सोपी आहे. '२४०.एम४१' म्हणजे एक्केचाळिसाव्या सहस्रकातलं २४० वं वर्ष, आपल्या मोजणीत ४०२४०. 'झीनॉस' तिथेच सुरू होते. 'एम३१' दिसलं तर समजायचं, ही होरसच्या काळाची गोष्ट आहे.

पुढे रॅव्हेनरची, म्हणजे आयझेनहॉर्नच्या शिष्याची, त्रयी आहे, पण खरेदी करताना नावं नीट बघा: 'रॅव्हेनर', 'रॅव्हेनर रिटर्न्ड', 'रॅव्हेनर रोग', याच क्रमाने. तिसरं स्वस्तात मिळालं म्हणून आधी वाचलं तर पहिल्या दोन्हींची गंमत जाते. आयझेनहॉर्नच्या नव्या एकत्रित आवृत्तीत शेवटी 'द मेगॉस' जोडलेलं असतं. एकाच जिल्दीत आहे म्हणून 'हेरेटिकस' संपल्या संपल्या ते सुरू करू नका. रॅव्हेनर संपवून मग 'द मेगॉस', आणि त्यानंतर 'परायाह'. ब्लॅक लायब्ररीची (या कादंबऱ्यांची प्रकाशनसंस्था) छापील पुस्तकं संपली की लवकर पुन्हा येत नाहीत, त्यामुळे सुटं घेण्याआधी एकत्रित आवृत्तीत काय काय आहे ते तपासा. एकच कादंबरी दोनदा विकत घेतली जाणं हे नेहमीचं आहे.

आता गॉन्ट्स घोस्ट्स, म्हणजे गॉन्ट आणि त्याच्या टॅनिथ ग्रहावरच्या पलटणीची मालिका. 'द फाउंडिंग' या एकत्रित आवृत्तीत 'फर्स्ट अँड ओन्ली', 'घोस्टमेकर' आणि 'नेक्रोपोलिस' आहेत. पहिलीत पात्रांची गर्दी फार, दुसरी म्हणजे जोडलेल्या कथा. तिथे कंटाळा आला तरी सोडू नका, कारण खरं सोनं तिसरीत आहे. 'नेक्रोपोलिस' ही वेढा पडलेल्या एका कारखान्यांच्या शहराची गोष्ट. व्हर्व्हनहाइव्हचे उमराव कोटाच्या आत भांडत बसतात आणि बाहेर खाणकामगार, भट्टीवाले, मागावरच्या पोरी हाताला येईल ते शस्त्र घेऊन ढिगाऱ्यात उभ्या राहतात. गोल कोलिया खाणीतला, सोरिक भट्टीवरचा मुकादम, जेसी बँडा मागावरची. जुन्या गिरणीच्या भोंग्यावर ज्यांच्या घरातलं घड्याळ लावलं जायचं, त्या सोलापूरकराला या माणसांची ओळख करून द्यावी लागत नाही. सोलापुरातल्या वाचकाला एकच कादंबरी सुचवायची झाली तर आम्ही हीच सुचवतो.

रंगकाम याच पुस्तकाला जोडून घेतलं. २०२१ मध्ये आलेल्या गॉन्ट्स घोस्ट्सच्या प्लास्टिक संचात सहा मिनी आहेत: गॉन्ट, कॉर्बेक, रॉन, लार्किन, ब्रॅग आणि मकॉल. टॅनिथच्या सैनिकाची ओळख म्हणजे आसपासचा रंग घेणारा झगा. कादंबरी वाचली नाही तर तो झगा हिरवा रंगवून माणूस मोकळा होतो. वाचली असेल तर लक्षात येतं की आधी जमीन ठरवायची आणि झग्याचा रंग तिच्यातून काढायचा. म्हणून बेस, म्हणजे मिनीखालच्या चकत्या, आधी केले.

जमीन काळ्या मातीची. उन्हाळ्यात शेताला पडतात तशा भेगा बेसवर हुबेहूब येतात, विकतच्या क्रॅकल पेस्टची गरज नाही. माती चहाच्या गाळणीतून चाळून तव्यावर दहा मिनिटं कोरडी भाजायची, म्हणजे काडीकचरा आणि बुरशी जाते. माती दोन भाग, बारीक वाळू एक भाग, फेव्हिकॉल एक भाग, आणि लापशीइतकं सैल होईल एवढं पाणी. थर दोन मिलिमीटरच्या वर नको. वाळू टाळली तर माती फार आकसते आणि पापुद्रा बेससकट सुटतो. उन्हात वाळवलं तर कडा वर वळतात, म्हणून सावलीत रात्रभर ठेवायचं. वाळल्यावर एकास तीन पाणी घातलेला फेव्हिकॉल दोनदा सोडायचा. ही पायरी चुकली तर वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) लावताच माती पुन्हा फुगते आणि भेगा बुजतात. पहिल्या दोन बेसवर एकच हात दिला होता, ते खरवडून परत करावे लागले.

मग झगा. बेसवरच्या सगळ्यात गडद तपकिरीचा हात आधी, घड्यांच्या खाचा तशाच गडद ठेवायच्या. त्यावर त्याच मातीच्या दोन फिकट छटांचे वेडेवाकडे ठिपके, स्पंजच्या तुकड्याने. शेवटी सर्वात फिकट छटेचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात) एकाच झटक्यात झग्याच्या खालच्या काठावरून बेसवर उतरवायचा. काठ आणि जमीन यांची रेघ तिथे पुसट होते, आणि हाताच्या अंतरावरून बघितलं तर माणूस मातीतून वर आल्यासारखा दिसतो. चकाकता रंग फक्त सुरीच्या पात्याला. टॅनिथवाल्यांची ती लांब सुरी कादंबरीभर सोबत असते.

सोलापूरच्या हवेत दोन गोष्टी सांभाळा. एप्रिल-मेमध्ये स्प्रे प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) दुपारी मारला तर थेंब हवेतच सुकतो आणि मिनीवर रवाळ थर बसतो. पहाटे सहा-सातला, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, डबा दोन मिनिटं हलवून मारायचा. दुसरं, पॅलेटवर रंग मिनिटभरात सुकतो. चपट्या डब्यात ओला स्पंज आणि वर बेकिंगचा कागद ठेवायचा; मेण लावलेला बटर पेपर चालत नाही, कारण त्यातून ओल वर येत नाही. बोअरच्या पाण्याने वॉश पातळ केला तर क्षाराचे पांढरे डाग पडतात, तिथे बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घ्या.

एवढं झाल्यावर होरस हेरसी उघडा. 'होरस रायझिंग', 'फॉल्स गॉड्स' आणि 'गॅलक्सी इन फ्लेम्स' ही तिन्ही मिळून एकच कथा आहे. त्यानंतर क्रमांकाच्या मागे धावायचं नाही. 'द फर्स्ट हेरेटिक', मग 'नो नो फिअर', मग 'बिट्रेयर', ही एक धार सलग जाते. 'अ थाउजंड सन्स' वेगळं वाचलं तरी चालतं.

नाइट लॉर्ड्सची त्रयी, 'सोल हंटर'पासून, जरा उशिरा घ्या. हे द्रोही स्पेस मरीन, खलनायकच आहेत, आणि लेखक त्यांना कुठेही सूट देत नाही. त्यांचं चिलखत मेलेल्यांचं काढून जोडलेलं असतं. त्यामुळे मिनी करताना उरलेल्या स्प्रूमधले (सुटे भाग जोडलेली प्लास्टिकची चौकट) विजोड खांदे आणि गुडघे मुद्दाम वापरावेत. कायफस केनची मालिका हलकीफुलकी आहे, पण ती छापीलच घ्या. त्यातल्या तळटिपा ही निम्मी मजा आहे, आणि मोबाइलवर टिपेवर जाऊन परत येताना पान हरवतं. ज्याला मालिका नकोच, त्याने रॉबर्ट राथचं 'द इन्फिनिट अँड द डिव्हाइन' घ्यावं: दोन नेक्रॉनांचं (धातूच्या शरीरातले प्राचीन परग्रहवासी) हजारो वर्षांचं भांडण, आधीचं काही वाचलेलं लागत नाही.

ब्रॅग आणि लार्किन बाकी आहेत. दोघांचेही बेस वाळतायत. वाचनात पुढे 'द सेंट' ही एकत्रित आवृत्ती, चार कादंबऱ्या, पहिली 'ऑनर गार्ड'. रोज पंचवीस पानं धरली आहेत.