मंजुरीविना लिहिलेला प्रोग्राम

चाकणच्या एका कारखान्यातून दुपारी फोन आला की, चाचणी यंत्रांच्या नोंदी सर्व्हरवर येत नसल्याने लाईन थांबली आहे. त्या यंत्रांचे सॉफ्टवेअर आमची हिंजवडीतील कंपनी पुरवते आणि अशा वेळी लॉगच्या हजारो ओळी डोळ्यांखालून घालण्यावाचून आमच्याकडे उपाय नसे. तेवढ्यात सपोर्टमधील एका तरुण सहकारी मुलीने दबकत विचारले, "सर, मी एक प्रोग्राम लिहिला आहे, चालवून पाहू का?" कोणीही न सांगता, रात्री घरी बसून तिने तो लिहिला होता. त्याने सर्व यंत्रांच्या नोंदी वेळेनुसार एकाखाली एक लावल्या आणि एका यंत्राचे घड्याळ मागे पडल्यामुळे सर्व्हर त्याच्या नोंदी नाकारत आहे, हे लगेच दिसले. घड्याळ जुळवताच लाईन सुरू झाली.

"हे काम तुला कोणी दिले होते?" असे साहेबांनी विचारले. ग्राहकाची माहिती घरच्या संगणकावर जाणे गंभीरच असल्याने प्रश्न रास्त होता. तरीही तिची बाजू मांडणे मला आवश्यक वाटले, म्हणून मी 'स्कंक वर्क्स' या लॉकहीड विमान कंपनीतील गुप्त विभागाचा दाखला दिला. 1943 मध्ये तेथे अभियंते केली जॉन्सन यांच्या छोट्या तुकडीने कॅलिफोर्नियातील बरबँक येथे एक्सपी-80 हे जेट विमान 143 दिवसांत उभे केले. शेजारच्या प्लास्टिक कारखान्याची दुर्गंधी तेथे येत असे, म्हणून अर्व्ह कल्व्हर या अभियंत्याने एकदा फोन उचलताना अल कॅप यांच्या 'लिल ॲब्नर' या चित्रमालिकेतील 'स्कोंक वर्क्स' या दुर्गंधी सुटणाऱ्या कारखान्याचे नाव घेतले. पुढे चित्रमालिकेच्या हक्कधारकांच्या आग्रहावरून त्यातले एक अक्षर बदलले.

ते काम बाहेरच्यांपासून गुप्त असले, तरी कंपनीच्या संमतीने चालले होते, हे मात्र आपण विसरतो. याउलट ॲपलमध्ये रॉन अवित्झर यांचा प्रकल्प 1993 मध्ये रद्द झाल्यावरही ते कार्यालयात येत राहिले आणि त्यांचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर हा समीकरणांचे आलेख काढणारा प्रोग्राम पुढच्या वर्षी पॉवर मॅकिंटॉश संगणकासोबत बाहेर पडला. तेथेही आतल्या अनेकांनी त्यांना मदत केली होती. माझ्या मते अशा कामाला बळ लपवाछपवीतून येत नाही. मोजकी माणसे, निर्णयाची मुभा आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्यांशी जवळीक यांतून येते. जॉन्सन यांनीही रेखाटन करणारे आणि विमान जोडणारे यांना जवळजवळ बसवले होते.

साहेबांनी शुक्रवारची दुपार तिला या कामासाठी दिली, मात्र लॉग कार्यालयातच राहतील अशी अट घातली. तिने लगेच होकार दिला आणि पहिल्या शुक्रवारी चाकणला जाऊन ऑपरेटरांसोबत बसण्याची परवानगी मागितली.